पेट्या तीन, कोंबड्या चौदा, अंडी तरीही कोपऱ्यात

खुराडेदार

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो. आज पहिल्यांदा धागा काढतोय, तोही वैतागून.

माझ्याकडे १४ कोंबड्या आहेत. सगळ्या अंड्यावर आलेल्या, दिवसाला ९-१० अंडी मिळतात. महिन्यापूर्वी दोन रविवार घालवून त्यांना अंडी घालायला प्लायवूडच्या तीन पेट्या केल्या. १५ इंच रुंद, १५ इंच खोल, आत मऊ सुकं गवत. उंदरांच्या भीतीने भिंतीवर चांगल्या चार फुटांवर ठोकल्या आणि चढायला शिडी लावली. दिसतात झोकात.

आता हिशोब ऐका. पहिल्या पेटीत बहुतेक जणी घालतात. ती मोकळी नसली की दारात उभं राहून बोंब मारतात, पण शेजारच्या रिकाम्या पेटीत जाणार नाहीत. दुसरीत अंडी कमी आणि शिट जास्त. तिसरीत कोळ्याने संसार थाटलाय. दोन-तीन अंडी रोज डाव्या कोपऱ्यात जमिनीवर. दहातली चार तरी माखलेली निघतात. काल तर नुसतं फुटकं टरफल मिळालं, आणि एकीच्या चोचीला पिवळं लागलेलं.

चुकलं काय? माप, गवत, की कोंबड्याच नाठाळ आहेत?

तलंग

झोपायची दांडी किती उंचीवर आहे?

खुराडेदार

अडीच फूट.

तलंग

मग सापडलं की! पिसाराताई येतीलच सांगायला.

पिसारा

आले, आले.

खुराडेदार, कोंबडी संध्याकाळी आतली सगळ्यात उंच जागा बघते. तुमच्याकडे दांडी अडीच फुटांवर आणि पेटी चारवर, तीही गादी घातलेली. मी कोंबडी असते तर मीही तिथेच झोपले असते. जिथे झोपणार तिथेच रात्रभर शिटणार, हे ओघानेच आलं. सकाळी दुसरी येते आणि त्याच गादीवर अंडं घालते. अंडं बाहेर पडतं तेव्हा ओलं असतं. वरचा थर वाळायला थोडासाच वेळ लागतो, पण तेवढ्यात खाली जे असेल ते त्याला चिकटतं. माखलेल्या अंड्याचं कारण बहुतेक वेळा आदल्या रात्रीत असतं. आपण शोधत बसतो सकाळी.

पेट्या खाली घ्या, जमिनीपासून दीड-दोन फुटांवर. दांडी त्याहून निदान फूटभर वर हवी. पेटीत झोपायची सवय लागलेल्यांना मात्र नुसतं असं करून पटणार नाही. आठ-दहा दिवस दुपारनंतर, शेवटचं अंडं झालं की पेट्यांची तोंडं फळीने किंवा पोत्याने बंद करा आणि पहाटे उजाडायच्या आत उघडा. तरी कुणी दाराशी मुक्काम ठोकलाच तर अंधार पडल्यावर उचलून दांडीवर ठेवा. अंधारात त्या भांडत नाहीत.

तीन पेट्या १४ जणींना पुरतात. चार-पाच जणींमागे एक हा साधारण हिशोब. सगळ्यांना एकच पेटी हवी असते, हा त्यांचा स्वभाव. जिथे आधीच कुणीतरी अंडं घातलंय ती जागा त्यांना भरवशाची वाटते. दहा पेट्या केल्या तरी दोघींचं भांडण एकीसाठीच होणार.

रंधा

कामाचं थोडं मी सांगतो. माझा धंदाच लाकडाचा.

१५ इंच मोठं आहे. मध्यम अंगाच्या कोंबडीला १२ बाय १२ बाय १२ पुरतं, जड जातीला १४. जागा मोठी झाली की दोघी आत शिरतात, एकीच्या पायाखाली दुसरीचं अंडं फुटतं, आणि अंडं खायची चटक लागते ती तिथूनच. तुमच्या पेट्या मोडू नका, आत एक पडदीची फळी मारा.

पुढचा उंबरठा किती आहे ते तुम्ही लिहिलं नाही. चार-पाच इंच ठेवा. दोन इंचांचा असला तर उकरून उकरून सगळं गवत दुपारपर्यंत खाली येतं आणि अंडं उघड्या फळीवर पडतं.

वरचं छप्पर सपाट असेल तर कोंबड्या त्यावर बसणारच. ४५ अंशांचा उतार द्या, पाय ठरत नाही. आणि शिडी काढा. शिडी म्हणजे आणखी एक बसायची जागा. पेटीपुढे सहा-आठ इंचांवर एक आडवी पट्टी पुरे, तिच्यावर उडी मारून आत जातात. पट्टीला कडा ठेवू नका, वरून गोल घासा.

तिसरा_डोळा

एवढी मापं कशाला? माझी एक आडव्या टाकलेल्या बादलीत घालते, दुसरी मोडक्या खुर्चीखाली. कोंबडीला इंच समजत नाहीत.

रंधा

इंच समजत नाहीत, आडोसा समजतो. तुमच्या बादलीत काय आहे बघा. तीन बाजूंनी बंद, आत अंधार, अंगाला भिंत लागते, तोंडाशी कडा आहे. पेटीत दुसरं काय असतं?

खरं तर २० लिटरची बादली आडवी बसवून पुढे चार इंचांची पट्टी लावली तर ती माझ्या कामापेक्षा बरी. सांधा नाही, फट नाही, काढून धुता येते. लाकडावर माझं पोट आहे म्हणून हे जरा हळूच सांगतोय.

तिसरा_डोळा

म्हणजे मी बरोबर होतो. बास, एवढंच हवं होतं.

टरफल

फुटक्या अंड्याबद्दल. खाणारी कोंबडी शोधायच्या आधी टरफल बोटाने दाबून बघा. पातळ आहे का? एका टरफलात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जातं, आणि टरफल तयार व्हायला साधारण २० तास लागतात. त्यातला बराच वेळ रात्रीचा. खाद्यातून मिळालं नाही तर ती हाडांतून काढून देते, पण टरफल पातळ होत जातं आणि गादीवर पडूनसुद्धा तडकतं. शिंपल्यांचा जाडसर चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. जिला लागेल ती खाईल. खाद्यात मिसळू नका.

उन्हाच्या दिवसांत खाद्य बरोबर असूनही टरफल पातळ येतं. कोंबडी धापा टाकते तेव्हा रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि टरफलाचा कच्चा मालच अपुरा पडतो. माझ्याकडे पेट्यांवर पत्रा होता आणि दुपारचं ऊन थेट त्यावर यायचं. आत हात घालवत नव्हता. कोंबड्या पेटी सोडून झाडाखाली घालायला लागल्या आणि मी त्यांनाच दोष देत बसलो. पत्र्याखाली हवेसाठी दोन इंचांची फट ठेवली, वर पोतं टाकलं, परत आल्या.

पिसारा

टरफल यांना अनुमोदन. खाण्याची सवय मोडायला अंधार फार कामाचा. पेटीच्या तोंडावर जाड कापडाचे पट्टे सोडा, मधे चिरलेले. आत दिसलं नाही तर टोचायचं सुचत नाही.

अंधाराचं दुसरंही कारण आहे, त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. अंडं घालताना कोंबडीचं आतलं लाल अंग क्षणभर बाहेर येतं. लख्ख उजेडात मागे उभ्या असलेल्या दुसरीला ते दिसतं आणि ती टोचते. एकदा रक्त निघालं की सगळ्या तुटून पडतात. अशी एक गेली माझी. त्यानंतर माझ्याकडे पडदा नसलेली पेटी नाही.

खुराडेदार

सगळ्यांचे आभार. आठवडाभराने लिहितोय.

पेट्या पावणेदोन फुटांवर आणल्या. पडदी मारली, उंबरठा साडेचार इंच केला (आधीचा दोन होता, रंधाशेठ, तुमचा अंदाज बरोबर). पडदे लावले. रोज दुपारी चारला तोंडं बंद करतो. पहिले तीन दिवस संध्याकाळी पेट्यांपुढे मोर्चा होता. चौथ्या दिवशी सगळ्या दांडीवर.

पेटीतली अंडी आता स्वच्छ आहेत. पण कोपरा सुटत नाही. उलट पडद्यामुळे दोघी जास्तीच्या कोपऱ्यात गेल्या.

पिसारा

पडदा एकदम पूर्ण लावलात ना? सुरुवातीला अर्धा बाजूला खोचून ठेवायचा. आत काय आहे ते दिसू दे, मग हळूहळू सोडा. चूक माझी, लिहायला हवं होतं.

कोपऱ्यासाठी सकाळी तासभर तिथे काढा. कोंबडी अंड्याच्या आधी तास-दीड तास जागा हुडकत फिरते, डोकं आत घालून बघते, परत येते, कुरकुरते. जी भिंतीच्या कडेने अशी फिरत असेल तिला न घाबरवता उचला, पेटीत ठेवा आणि पडदा सोडा. बरीचशी अंडी उजाडल्यापासून पाच-सहा तासांत होतात, म्हणजे दिवसभर पहारा द्यावा लागत नाही.

पेट्यांत एकेक लाकडी अंडं ठेवा. नाहीतर टेबल-टेनिसचा चेंडू, तळाला चिकटवून. कोपऱ्यातलं अंडं मात्र दिसल्या क्षणी उचला. ते तिथे राहिलं तर तुम्हीच कोपऱ्याची जाहिरात करताय.

आणि कोपरा बिघडवा. तिथे तिरपी फळी लावा किंवा उजेड येईल असं करा.

तलंग

मी उलटं केलं होतं. कोपरा न बिघडवता तिथेच एक क्रेट ठेवला, तूस घालून. दोन दिवसांत त्यात घालायला लागली. मग क्रेट रोज चार-सहा बोटं पेट्यांच्या दिशेने सरकवत नेला. तीन आठवडे लागले, पण तिला कळलंही नाही की ती घर बदलतेय.

पिसारा

हे छान आहे. हट्टी कोंबडीला हेच करा.

अवांतर: नव्या तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या) आणाल तेव्हा पहिल्या अंड्याच्या दोन-तीन आठवडे आधी पेट्या उघड्या हव्यात. पहिली आठ-दहा अंडी जिथे पडतात तीच जागा डोक्यात बसते.

रातपाळी

गवताबद्दल कुणीच बोललं नाही. गवत ओलं झालं की बुरशी धरतं आणि त्यात किडे राहतात. मी तूस वापरतो, तीन इंच. रंध्याच्या ढलप्याही चालतात. करवतीचा बारीक भुसा नको, धूळ होते आणि ओल्या अंड्याला पिठासारखा चिकटतो. रोज सकाळी अंडी काढताना शिट दिसली की मूठभर तुसासकट काढून टाकायची, वर मूठभर नवीन. सगळं पालटायला दोन-तीन आठवडे थांबलात तरी चालतं.

आणि पाय! अंडं मळतं ते अर्ध्या वेळा पायांनी. बाहेर चिखल, पाण्याचं भांडं सांडतंय, तिथून कोंबडी थेट पेटीत. पाण्याचं भांडं दारापासून आणि पेट्यांपासून लांब ठेवा. वाटेत पट्ट्यांची जाळीदार फळी टाका. चार पावलं त्यावरून चालली की पाय पुसले जातात.

आता माझा खास विषय. रात्री दहाला बॅटरी घेऊन जा आणि पेटीच्या सांध्यावरून, दांडीच्या टोकावरून पांढरा कागद फिरवा. लाल रेघा उमटल्या तर लाल माइट ही बारीक कीड आहे. दिवसा ती फटीत असते, रात्री बाहेर येऊन रक्त पिते, म्हणून दिवसभर बघून काही सापडत नाही. उबदार हवेत आठवडा-दहा दिवसांत तिची नवी पिढी तयार होते. कोंबड्या अचानक पेटीत जायचं टाळू लागल्या, तुरे फिके पडले, की आधी हे बघायचं. औषध मारून दुसऱ्या दिवशी निवांत होऊ नका. आठवड्याने परत मारावं लागतं, कारण पहिल्या वेळी माइटची अंडी वाचलेली असतात.

रंधा

म्हणूनच प्लायवूडची कापलेली कड उघडी ठेवायची नसते, तिथे थर सुटतात. सांध्यांत पुट्टी भरा, आतून ऑइलपेंट. रंग नको तर चुना, पण दाट आणि फटीत भरेल असा. शक्य असेल तर तळ ठोकू नका, सरकता ठेवा. बाहेर काढा, उकळतं पाणी ओता, उन्हात टाका.

रातपाळी

साप राहिला. खाद्य सांडतं म्हणून उंदीर येतात, उंदरांमागे साप येतो, आणि आला की अंडी दिसतातच. षटकोनी जाळी कोंबडी आत ठेवायला ठीक, उंदीर-साप बाहेर ठेवायला नाही. अर्ध्या इंचाची वेल्ड जाळी लावा. बारीक साप त्यातूनही येतो, तर खालचे दोन फूट पाव इंचाची. मागून अंडी काढायचं झाकण असेल तर नुसती कडी पुरत नाही, मांजर पंजाने उचकटते. कडीत खिळा अडकवा.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे संध्याकाळी पेटीत एकही अंडं ठेवायचं नाही. साप असतील तिथे लाकडी-चिनी मातीची अंडीही रात्री काढून घ्या. साप ती खरी समजून गिळतो, ती पचतही नाहीत आणि बाहेरही येत नाहीत. बिचारा मरतो. मी एक असा बघितलाय, अंगात मधेच गोळा घेऊन भिंतीला लागून पडलेला. त्याच्यावर राग धरता आला नाही.

तिसरा_डोळा

हे सगळं ठीक, पण मळकं अंडं नळाखाली धरलं की झालं की. दोन सेकंदांचं काम.

टरफल

हेच नका करू. टरफलाला हजारो बारीक छिद्रं असतात. त्यांवर नैसर्गिक लेप असतो, तो पाण्याने निघतो. शिवाय गार पाण्यात अंडं आतून आकसतं आणि वरची घाण छिद्रांतून आत ओढून घेतं. दिसायला स्वच्छ होतं, असतं उलटं.

तिसरा_डोळा

मग अमेरिकेत सगळी अंडी धुतात ती?

टरफल

धुतात, पण अंड्याहून गरम पाण्याने, साधारण ११ अंश सेल्सिअस तरी जास्त. मग लगेच वाळवून थंडीत ठेवतात आणि खाईपर्यंत थंडीतून काढत नाहीत. युरोपीय संघात उलट, अ श्रेणीचं (थेट खायला विकायचं) अंडं सहसा धुवायचंच नसतं. तिथला विचार असा की धुवायची वेळ आली म्हणजे पेटीत काहीतरी बिघडलंय. दोन्ही रीती आपापल्या जागी चालतात. नळाखाली धरणं यातल्या कुठल्याच रीतीत बसत नाही.

थोडं लागलं असेल तर वाळू द्या आणि बारीक पॉलिश पेपरने हलकं घासा. जास्त माखलेलं असेल तर साठवू नका. त्याच दिवशी धुऊन पूर्ण शिजवून खा. तडा गेलेलंही साठवणीत नको.

खुराडेदार

एक शंका. तळाला उतार दिलेल्या पेट्या बघितल्या, अंडं घातलं की घरंगळत मागे जातं. मग ना शिट, ना पाय, ना चोच. ते का नाही करायचं?

तलंग

घरंगळपेटी! नाव पेटंट करा.

रंधा

सात-आठ केल्यात. पहिल्या दोन फुकट गेल्या, त्यामुळे अनुभव आहे.

उतार फुटाला इंच ते दीड इंच. पहिल्यांदा मी अडीच दिला. अंडं सुसाट जाऊन मागच्या फळीवर आपटायचं, आणि कोंबडीलाही घसरल्यासारखं वाटायचं, आत बसेना. फळी पुढून अंगठ्याच्या जाडीइतकी उंच करून बघा, खरं अंडं सोडा, चालत गेल्यासारखं जायला हवं. धावत गेलं तर उतार कमी करा.

अंडं सरळ जात नाही. एक टोक निमुळतं असल्याने ते वळण घेत जातं आणि सगळी एका कडेला गोळा होऊन एकमेकांवर टकटक आपटतात. मागच्या पन्हळीत फोम किंवा कार्पेटचा तुकडा हवाच. फट अडीच इंचांची. अंडं आडवंतिडवं सुटतं, कोंबडीची मान पोचत नाही. फटीवर रबराचा पट्टा लोंबता ठेवा, अंड्याचा वेगही कमी होतो आणि पलीकडचं तिला दिसतही नाही.

तळाला नुसती फळी नको, कृत्रिम हिरवळीची चटई. धुता येते, पायाला पकड मिळते, खालून शिट सुकून झटकली जाते.

आता खरी अडचण. कोंबडीला उकरून खड्डा करायचा असतो. चटईवर खड्डा होत नाही, म्हणून तुसाला सरावलेल्या कोंबड्या ही पेटी नाकारतात आणि पुन्हा तुमच्या कोपऱ्यात जातात. पहिले दोन-तीन आठवडे उतार न देता चटई सपाट ठेवा, वर थोडा तूस पसरा. तूस कमी करत जा, मग पुढून पाचर मारून उतार द्या. नव्या तलंगांना सुरुवातीपासून दिली तर त्रास नाही.

१४ कोंबड्यांसाठी, आणि तुम्ही दिवसातून दोनदा अंडी काढणार असाल, तर माझ्या मते नको. अंडं खाणारी सुधारत नसेल तर एकच पेटी तशी करा.

पिसारा

मलाही उताराची आवडत नाही, पण माझं कारण कच्चं आहे. गादीवर बसून गोल फिरत, चोचीने एकेक काडी अंगाभोवती ओढणारी कोंबडी बघायला मला बरं वाटतं. चटईवर ते दिसत नाही.

खुराडेदार

महिन्याने शेवटचा अहवाल.

गवत गेलं, तूस आला. पाण्याचं भांडं दुसऱ्या टोकाला नेलं. अंडी सकाळी नऊला आणि दुपारी दोनला काढतो. शिंपल्यांचा चुरा ठेवल्यापासून फुटकं एकही नाही. चोचीला पिवळं लागलेली ती चोर नव्हतीच, आयतं फुटलेलं मिळालं म्हणून खात होती. कागद फिरवला, दुसऱ्या पेटीच्या सांध्यात लाल रेघ निघाली. सांधे भरले, चुना मारला, आठवड्याने परत मारला. त्या पेटीत कमी अंडी का होती ते आता कळलं.

गेल्या आठवड्यात ६८ अंडी. मळकी पाच, त्यातली चार पावसाच्या एकाच दिवशी.

कोपऱ्यात आता एकच जाते, काळी. तिच्यासाठी तलंगचा क्रेट केला. १९ दिवस रोज चार बोटं सरकवला. पेट्यांपासून हातभर अंतरावर आला आणि काल बाई खुडूक होऊन (अंडी उबवायच्या नादाने) त्यातच बसली. माझ्याकडे कोंबडा नाही. खाली आहे ते लाकडी अंडं. हात घातला की फुगून टोचते. आता काय?

पिसारा

उचला, आणि तळाला जाळी असलेल्या उंच पिंजऱ्यात ठेवा. गादी नको, खालून वारा लागायला हवा. दाणा-पाणी द्या. तीन-चार दिवसांत उतरते.

तलंग

ती पिंजऱ्यात असताना क्रेट राहिलेलं हातभर सरकवून टाका.